गट संपला आणि वजन परत येऊ लागले, टिकवायचे कसे?

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. मी जळगावात राहते, वय 46, माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. गेल्या वर्षी जुलैत आमच्या वसाहतीच्या सभागृहात भरणाऱ्या वजन घटवण्याच्या गटात मी नाव नोंदवले. दर रविवारी सकाळी सात वाजता आम्ही पंचवीस-तीस जणी जमत असू. काट्यावर उभे राहण्याआधी प्रत्येक जण बांगड्या, मंगळसूत्र, केसांतला चाप काढून स्टीलच्या वाटीत ठेवी, गट चालवणाऱ्या ताई आकडा वहीत लिहीत, आणि मग आठवडाभरात कोणी काय खाल्ले, कुठे पाय घसरला, यावर तासभर मोकळेपणाने बोलणे होई. 24 आठवड्यांत माझे वजन 78.4 किलोवरून 67.2 किलोवर आले. गुडघ्याचे दुखणे थांबले आणि शाळेचा जिना मी न थांबता चढू लागले.

डिसेंबरच्या मध्यास शुल्काची मुदत संपली आणि गट विसर्जित झाला. त्यानंतर भरिताचा हंगाम आला, मग लग्नसराई, मग आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, पुरणपोळी आणि आमरस. मेहरूण तलावावरचे सकाळचे फिरणे एप्रिलपासून उन्हामुळे सुटले, ते सुटलेच. परवा काट्यावर उभी राहिले तर 71.6 किलो. मी बेताल खाल्ले असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. भूक मात्र पूर्वीपेक्षा जास्त लागते, आणि हे कोणाला सांगितले की "मनावर घ्या, होईल" एवढेच ऐकायला मिळते.

पुन्हा पूर्ण शुल्क भरून त्याच गटात जावे का? की गटाचा गुण गट असेपर्यंतच असतो? ज्यांनी उतरवलेले वजन काही वर्षे टिकवले आहे, त्यांनी नेमके काय केले ते कृपया सविस्तर लिहावे.

पांझराकाठ (धुळे)

ताई, माझे वय 61. मी हे दोनदा केले आहे. एकदा फसलो आणि एकदा टिकलो, म्हणून दोन्ही सांगतो.

2014 साली येथील एका सकाळच्या गटात मी चार महिन्यांत 14 किलो उतरवले. गट संपल्यावर काटा कपाटाच्या वर ठेवून दिला, कारण काम झाले असे वाटले. दोन वर्षांत 16 किलो परत आले, म्हणजे होते त्याहून दोन जास्त. 2018 साली पुन्हा गटात गेलो आणि 13 किलो उतरले. या वेळी मुदत संपली त्या दिवशी आम्ही पाच जणांनी ठरवले की सोमवारची सकाळ सोडायची नाही. आजही आम्ही सोमवारी सहा वाजता एकाच्या ओट्यावर जमतो, एकाच काट्यावर उभे राहतो आणि आकडा वहीत लिहितो. आता आमची ही तिसरी वही चालू आहे. माझे वजन इतक्या वर्षांत दोन किलो इकडे-तिकडे हलले, त्यापलीकडे गेले नाही.

घरातला बदल तेलाचा आहे, आणि तो सर्वांत कठीण गेला. आमच्याकडे चार माणसांना महिन्याला सहा लिटर शेंगदाण्याचे तेल लागे. आता साडेतीन लिटर लागते. खान्देशी माणसाला तर्रीशिवाय शेवभाजी म्हणजे जेवणच नव्हे, हे मलाही मान्य आहे. आमच्या सौभाग्यवतींनी त्यावर उपाय काढला. भाजी झाली की दहा मिनिटे झाकून ठेवायची, वर आलेले लाल तेल पळीने काढून वेगळ्या वाटीत घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या भाजीची फोडणी त्याच तेलात करायची. चव राहते आणि नवे तेल लागत नाही. शेव मात्र मी मोजून घेतो, कारण हात घातला की मूठ मोठी भरते.

तापीतीर (भुसावळ)

गिरणाकाठ ताई, आपली भूक खरोखर वाढली आहे. हा मनाचा दुबळेपणा नाही, हे आधी स्पष्ट लिहिते. मी आहारतज्ज्ञ आहे आणि वजन परत आलेल्या बायका माझ्यासमोर रोज अपराध्यासारख्या बसतात, म्हणून हा विषय मला जिव्हाळ्याचा आहे.

2011 साली मेलबर्नमधील संशोधकांनी 50 जाड व्यक्तींना दहा आठवडे अतिशय कमी कॅलरींच्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन सरासरी तेरा-साडेतेरा किलोंनी उतरले. वर्षभराने त्यांचे रक्त तपासले, तेव्हाही भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढलेले आणि तृप्ती कळवणारे लेप्टिन घटलेले आढळले. शरीर वर्षभरानंतरही जुने वजन परत मागत होते. अमेरिकेतील केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली याचा हिशेब मांडला. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च 20 ते 30 कॅलरींनी कमी होतो आणि भूक मात्र रोज सुमारे 100 कॅलरींनी वाढते. आपण 11 किलो उतरवले, म्हणजे पूर्वीपेक्षा रोज सव्वादोनशे ते सव्वातीनशे कॅलरी कमी जळत असणार. पन्नास ग्रॅम शेवेत साधारण तेवढ्याच कॅलरी असतात. जे ताट पूर्वी वजन स्थिर ठेवत होते, तेच ताट आता वजन वाढवते, आणि म्हणूनच बेताल न खाताही वजन परत येते.

आता गटाचा गुण गटापुरताच असतो का, या प्रश्नाकडे येते. याचे सर्वांत उपयोगी उत्तर मला ऱ्होड आयलंडमधील रीना विंग यांच्या 2006 सालच्या अभ्यासात मिळाले. गेल्या दोन वर्षांत आपल्या वजनाचा किमान दहावा हिस्सा उतरवलेल्या 314 जणांना त्यांनी घेतले. वजन आणखी उतरवायचे नव्हते, फक्त टिकवायचे होते. एका तुकडीला अधूनमधून पत्रक पाठवले, दुसरीला इंटरनेटवरून मार्गदर्शन दिले, तिसरीला प्रत्यक्ष गटात बसवले. अठरा महिन्यांनी पत्रकवाल्यांचे वजन सरासरी 4.9 किलोंनी वाढले होते, इंटरनेटवाल्यांचे 4.7 किलोंनी आणि समोरासमोर बसणाऱ्यांचे 2.5 किलोंनी. गटातल्यांचेही वजन थोडे वाढलेच, पण निम्म्याने कमी. गटाचा उपयोग वजन उतरवण्यापेक्षाही ते टिकवण्याच्या काळात जास्त आहे, असे माझे मत त्यावरून झाले. आणि आपल्याकडचे बहुतेक गट नेमके त्याच वेळी दार लावून घेतात.

त्या अभ्यासातील रंगांची रीत मी माझ्याकडे येणाऱ्यांना शिकवते. गाठलेल्या वजनापासून 1.4 किलोपर्यंत वाढ असेल तर हिरवा पट्टा, काही बदलू नये. त्यापुढे 2.3 किलोपर्यंत पिवळा, म्हणजे तेल, गोड आणि चालणे यांतले काय सुटले ते त्याच आठवड्यात शोधावे. त्यापुढे लाल, म्हणजे वजन उतरवताना जी वही, जे ताट पाळले होते ते पुन्हा सुरू करावे. आपला हिरवा पट्टा 68.6 वर संपतो आणि लाल 69.5 ला सुरू होतो. आपण 71.6 वर आहात. लाल पट्ट्यात शिरताच, कदाचित फेब्रुवारीत, कोणी सांगितले असते तर दोन किलोंचे काम होते. आता साडेचारांचे आहे. तरीही अकरापैकी जवळपास सात किलो आपण राखले आहेत, हे विसरू नये.

पूर्ण शुल्क भरण्याची घाई करू नका. अशा गटांची मूळ कल्पना घरगुतीच होती. 1961 साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन नायडेच यांनी स्वतःचे खाणे आवरेना म्हणून काही मैत्रिणींना घरी बोलावले आणि दर आठवड्याला बोलणे सुरू केले. त्यांचे बत्तीस-तेहतीस किलो उतरले, आणि 1963 साली त्याच बैठकींतून वेट वॉचर्स ही कंपनी उभी राहिली. तिथला एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. ध्येय गाठलेला सदस्य त्या वजनाजवळ राहिला तर त्याला बैठकीचे शुल्क पडत नाही.

चालणे पुन्हा सुरू करा, पण मे महिन्यात सहा वाजता निघून उपयोग नाही. पाचला निघून सहाला घरात यावे. रोजच्या जेवणात डाळ, उसळ, ताक वाढवा. कळण्याची भाकरी तर आपली घरचीच आहे; तीत ज्वारीबरोबर सालासकट उडीद असल्याने ती पोटाला बराच वेळ आधार देते. भरीत स्वतः हलके असते, जड होते ते त्यातल्या तेलाने आणि सोबतच्या पुऱ्यांनी. आणि एकदा थायरॉईड तपासून घ्या. या वयात ही तपासणी राहून गेलेली अनेकदा दिसते.

बोरीकाठ (अमळनेर)

वरील दोघांचे म्हणणे मला पटते, पण कोणत्या गटात जायचे हे नीट पाहावे, एवढे आग्रहाने लिहिते. मी ज्या गटात होते तिथे वजन वाढलेल्या बाईला सर्वांसमोर उभे करून कारण विचारले जाई, आणि जेवणाऐवजी डब्यातली पावडर घेण्याचा आग्रह होई. तीन महिन्यांत माझे नऊ किलो उतरले. मी मधुमेहाच्या गोळ्या घेत होते. गोळी तीच आणि जेवण निम्मे, अशा स्थितीत एके दिवशी चुलीजवळच मला घेरी आली, तेव्हा डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण कमी केले. गटातल्या कोणीही हे आधी विचारले नव्हते. ज्या बहिणी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेतात, त्यांनी ताट कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

पावडर बंद झाली तसे सात किलो परत आले. कारण साधे होते. ज्वारीची भाकरी, वरण, भाजी यांचे माझे ताट कसे असावे हे मला कोणी शिकवलेच नव्हते. पुढे ते मी हळूहळू शिकले आणि दीड वर्षात सहा किलो उतरवले. त्याला आता तीन वर्षे झाली. सुरुवातीला सासूबाई ताटाकडे पाहून रोज म्हणत, "इतलंसं खाईसन कसं हुई?" त्यांचा त्यात जीव होता, म्हणून मी वाद घातला नाही. त्यांनाच भाकरी थापायला बसवले आणि लहान थापायला सांगितले. आता त्या स्वतःच विचारतात, वहीत आज काय लिहिलेस.

गिरणाकाठ (जळगाव)

आपण तिघांनी इतक्या आपुलकीने लिहिले, मी मनापासून आभारी आहे. "अपराध्यासारख्या बसतात" हे वाचताना डोळ्यांत पाणी आले, कारण मी गेले सहा महिने तशीच बसले आहे.

काल जुन्या गटातल्या नऊ जणींना दूरध्वनी केला. सहा जणींचे वजन वाढले आहे, आणि प्रत्येकीला वाटत होते की आपलेच वाढले. पाच जणी माझ्या घरी रविवारी सकाळी सात वाजता यायला तयार झाल्या आहेत. शुल्क नाही, पावडर नाही, आकडा हवा तर सांगायचा, नको तर स्वतःच्या वहीत लिहायचा. एकीला साखरेची गोळी चालू आहे. तिला आधी डॉक्टरांकडे जायला सांगितले. थायरॉईडची तपासणी मी या आठवड्यात करून घेते.

दोन शंका आहेत. माझा घरचा काटा एकाच सकाळी दोनदा उभे राहिले तर वेगवेगळे आकडे दाखवतो. आणि श्रावणात आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमची खान्देशी देवी, बसते; तिच्या प्रसादाचे रोट (जाड पोळ्या) भाऊबंदांतच संपवावे लागतात, नाही म्हणता येत नाही. त्या आठवड्यात आपण काय करता?

पांझराकाठ (धुळे)

ताई, काटा चटईवर किंवा सतरंजीवर ठेवू नका; उघड्या फरशीवर, जिथे तो डुगडुगत नाही अशी एक जागा ठरवा आणि तिथे खडूने खूण करा. सकाळी शौचानंतर, चहाच्या आधी, त्याच प्रकारच्या कपड्यांत उभे राहा.

रोट आम्ही खातो. कानबाईचा प्रसाद मोजत नाही. फक्त त्या दिवसांत भाकरी-पोळी वेगळी करत नाही. रोट, दूध आणि भाजी एवढेच जेवण. पुढच्या सोमवारी काटा किलोभर वर असतो, ते आम्ही वहीत लिहितो आणि शेजारी 'कानबाई' असेही लिहितो. त्यानंतरच्या दोन सोमवारांत तो खाली येतो. येत नसेल तर आम्ही एकमेकांना विचारतो.