मदत हवी आहे: रेशनच्या मशीनवर मामींचा अंगठा उठत नाही

नमस्कार मंडळी. माझ्या मामी एकट्याच राहतात, जन्मभर ऊसतोड केलेली. बोटांवरच्या रेघाच झिजल्यात, त्यामुळे ई-पॉस मशीन ठसा घेत नाही. दुकानदार बोट ओल्या फडक्यानं पुसतो, पुन्हा दाबतो, मागे रांग ताटकळते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बुबुळही जुळत नाही. ओटीपी येणारा मोबाइल धाकट्या मुलाकडे, तो पुण्यात.

केंद्राच्या अन्न खात्याचं २४ ऑक्टोबर २०१७ चं पत्र आहे: ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, नोंदवहीत लिहून द्यायचं. दुकानदार म्हणतो, "वरून आलं नाही."

नॉमिनी म्हणून शेजारणीचं नाव लावायची सोय आहे म्हणे. पण मामी अडून बसल्यात: "माझ्या हक्काचं धान्य दुसऱ्याच्या अंगठ्यानं कशाला?" मला त्यांचं पटतं, खरं सांगायचं तर.

तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज कसा लिहायचा? सोबत काय जोडायचं? नॉमिनीशिवाय नोंदवहीवर धान्य कुणाला मिळालंय का? आणि आधार केंद्रात ठसे नव्याने दिले तर फरक पडतो, की नुसता हेलपाटा?