मदत हवी आहे: फुफ्फुसाचं दुसरं ऑपरेशन की रेडिएशन?

नमस्कार मंडळी. माझ्या मिस्टरांच्या उजव्या फुफ्फुसाचा वरचा लोब कॅन्सरमुळे काढलेला आहे. आता फॉलो-अपच्या सीटी स्कॅनमध्ये डाव्या बाजूला छोटी गाठ दिसली आणि पेट स्कॅनमध्येही ती उठून दिसते. सर्जन म्हणतात, तेवढाच भाग काढू. दुसरे डॉक्टर एसबीआरटी सुचवतात, म्हणजे गाठीवर नेमकं, मोजक्या सिटिंग्जमध्ये दिलं जाणारं रेडिएशन. गाठ जुन्याच आजाराची की नवीन, ते बायोप्सीशिवाय कळणार नाही. ईजीएफआरसारख्या जनुकीय चाचण्याही बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर होतील.

माझी खरी काळजी श्वासाची आहे. भांडुप स्टेशनचा पूल चढताना हे मध्येच थांबतात आणि मोबाईल बघतोय असं दाखवतात. मी काही बोलत नाही. पीएफटी आणि डीएलसीओ, म्हणजे फुफ्फुसांची क्षमता मोजणाऱ्या चाचण्या, पुन्हा करायला सांगितलंय, ते होईपर्यंत मी तरी ऑपरेशनला हो म्हणणार नाही.

दोन्ही बाजूंची ऑपरेशनं झालेलं कोणी आहे का इथे? नंतर जिने, लोकल, नोकरी जमली का? रेडिएशन घेतलेल्यांना खोकल्याचा, दम लागण्याचा त्रास किती झाला? परळच्या टाटाच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या सेवेवरून ऑनलाइन मागवलेलं कोणी असेल तर कोणते रिपोर्ट, स्लाइड्स लागतात तेही सांगा.

आणखी एक. हे प्रत्येक वेळी "तू म्हणशील तसं" म्हणतात. शरीर त्यांचं आहे, निर्णय त्यांचा असावा असं मला मनापासून वाटतं. तुम्ही घरी हे बोलणं कसं काढलंत?