शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा घेताना पायाचा छुपा दोष कसा ओळखावा?

माळावरचा स्वार (प्रश्न):
पुण्यात शर्यतीत धावलेला एक सहा वर्षांचा थरोब्रेड घोडा रपेटीसाठी घेण्याचा माझा विचार आहे. विक्रेत्याने तो माझ्यासमोर सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवून दाखवला आणि मला लंगडणे कुठेही दिसले नाही. मात्र मी स्वतः बसलो तेव्हा त्याची पावले त्याच्या उंचीच्या मानाने आखूड वाटली आणि कँटरमध्ये, म्हणजे दुडकीहून वेगवान चालीत, उजवा पाय पुढे टाकण्याचे तो टाळत होता. विक्रेत्याच्या मते ही केवळ सवय आहे. तसे असू शकते का, की पायात काही दडलेले आहे?

पशुवैद्य, मुंबई:
सवय असू शकते, परंतु ती सिद्ध होईपर्यंत आपण ते दुखणेच समजावे. पुढचा एकच पाय दुखत असेल, तर तो टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना ते खाली आणतो. बहुतेक खरेदीदार एवढीच खूण शोधतात. दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर डोके हलतच नाही, कारण भार टाकायला चांगला पायच उरत नाही. घोडा फक्त पावले आखूड करतो. आपण वर्णन केलेली चाल मला याच कारणाने खटकते. शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असल्यामुळे शर्यतीच्या घोड्यांत दुखापतीही तिथेच अधिक आढळतात.

त्याला कठीण जमिनीवर लहान वर्तुळात, दोन्ही दिशांना, दुडक्या चालीने फिरवायला सांगा. वर्तुळात आतल्या पायावर ताण वाढतो, त्यामुळे डावीकडे वळताना डावा आणि उजवीकडे वळताना उजवा पाय चुकत असेल, तर दुखणे दोन्हीकडे आहे असे मानण्यास आधार मिळतो. आम्ही अशा वेळी एका पायाचा खालचा भाग इंजेक्शनने बधिर करतो. काही मिनिटांपूर्वी निर्दोष दिसणारा घोडा तेव्हा दुसऱ्या पायाने उघड लंगडू लागतो. खरेदीदाराचा चेहरा त्या क्षणी पाहण्यासारखा असतो.

दुसरी बाब औषधांची. फिनाइलब्यूटाझोनसारखे वेदनाशामक दिलेला घोडा तपासणीच्या दिवशी उत्तम चालतो, आणि सांध्यात टोचलेल्या स्टेरॉइडचा परिणाम तर कित्येक आठवडे टिकू शकतो. म्हणून तपासणीच्याच वेळी रक्ताचा नमुना घेऊन ठेवावा. विक्रेता त्याला हरकत घेत असेल, तर ती हरकतच पुरेशी माहिती देते.

जुना पागेवाला:
डॉक्टरसाहेबांच्या म्हणण्याला माझी थोडी पुस्ती. घोडा पाहायला पहाटे, न कळवता जा आणि त्याला तबेल्यातून थेट बाहेर काढायला लावा, कारण सांध्यांचे काही दुखणे दहा मिनिटांच्या चालीने मोकळे होते आणि मग शोधूनही सापडत नाही. बाहेर काढण्याआधी तो उभा कसा आहे ते पाहा. मागचा एक पाय सैल सोडून उभे राहणे ही घोड्याची विश्रांती आहे, पण पुढचा पाय पुढे सरकवून तो हलका ठेवत असेल तर ते चांगले लक्षण नव्हे. पायांना पट्ट्या असतील तर सोडायला लावा. गुडघ्याखाली नळीच्या हाडामागची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, पाय उचलून, बोटांच्या चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत तपासा, आणि दोन्ही पायांची तुलना करा. एका जागी जाडपणा, ऊब किंवा घोड्याने पाय ओढून घेणे, यांपैकी काहीही आढळले तर सोनोग्राफी केल्याशिवाय पैसे देऊ नका.

शेवटी डांबरी रस्त्यावर त्याला पळवा आणि डोळे मिटून टापा ऐका. डोळ्यांना जे दिसत नाही, ते कानांना कळते. नालबंदालाही भेटा, कारण कोणता घोडा कोणता पाय उचलू देत नाही हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

अश्वप्रेमी, नाशिक:
इतके कडक निकष लावले तर शर्यतीतला एकही घोडा पास होणार नाही. दोन वर्षांच्या वयापासून भरधाव पळालेल्या प्राण्याच्या पायावर काहीतरी खूण असणारच. जुनी, भरून आलेली कंडरा घेऊन माझी घोडी आठ वर्षे शांतपणे रपेट देत आहे.

पशुवैद्य, मुंबई:
आपले म्हणणे मान्य आहे. भरलेली जखम आणि दडलेली जखम यांत मात्र फरक करावा लागतो. कॅलिफोर्नियात १९९० पासून शर्यतीच्या मैदानांवर दगावणाऱ्या घोड्यांचे शवविच्छेदन केले जाते, आणि त्यातून दिसून आले की जीवघेण्या अस्थिभंगांपैकी अनेकांच्या जागी हाडाला आधीपासूनच बारीक तडे होते. असा तडा सुरुवातीला एक्स-रेमध्येही न दिसण्याची शक्यता असते. बाहेरून दिसते ती फक्त आखूड पावले, कँटरमध्ये पुढे टाकायचा न बदलणारा पाय, किंवा कामात अचानक आलेली नाखुशी.

माळावरचा स्वार:
सर्वांचे आभार. आज पहाटे साडेपाचला गेलो होतो. तबेल्यातून काढल्यावर पहिली वीस-पंचवीस पावले तो अंडी तुडवत असल्यासारखा चालला, आणि वर्तुळात दोन्ही बाजूंना आतला पाय आखडत होता. सोनोग्राफी, एक्स-रे आणि रक्ततपासणी माझ्या खर्चाने करण्याची तयारी मी दाखवली. विक्रेत्याने दोन दिवसांची मुदत मागितली आहे.