ॲकॉस्टिक न्यूरोमाचं (कानाच्या नसेवरच्या गाठीचं) ऑपरेशन होऊन २ वर्षं झाली, तोल अजून जातो

प्रश्न: उजव्या बाजूचं ऑपरेशन झालं, त्या कानाने ऐकू येत नाही ते स्वीकारलंय, पण अंधारात किंवा वाळूवर चालताना अजून एका बाजूला झोक जातो, चालता चालता पटकन मान वळवली की सगळं हलल्यासारखं वाटतं. दिवसा सपाट रस्त्यावर ठीक असते. हे असंच राहणार का? खूप खचायला होतं हो.

उत्तर १: ताई, माझं ऑपरेशन होऊन ६ वर्षं झाली. गाठ तोलाच्या नसेवरच असते, ती नस गेली की परत येत नाही, मेंदू दुसऱ्या कानावर, डोळ्यांवर आणि पायांच्या जाणिवेवर काम भागवायला शिकतो, म्हणून अंधार झाला की डोळ्यांची मदत जाते आणि वाळूवर पायांची, तुमचं नेमकं तेच होतंय. मला व्हेस्टिब्युलर फिजिओथेरपीने, म्हणजे तोल सुधारायच्या व्यायामांनी, खरंच फरक पडला. हाताच्या अंगठ्यावर नजर ठेवून मान हलवायची, सुरुवातीला गरगरतं, तरी सोडू नका. दमल्यावर किंवा झोप कमी झाली की माझा तोल आजही बिघडतो.

उत्तर २: चक्कर दाबणाऱ्या गोळ्या अजून चालू आहेत का? त्या जास्त दिवस घेतल्या तर मेंदूचं शिकणं मंदावतं, डॉक्टरांना नक्की विचारा. आणि त्रास अचानक वाढला तर थांबू नका, लगेच दाखवा.

प्रश्नकर्ती: गोळी रोज रात्री घेते, हे कुणी सांगितलंच नव्हतं! उद्याच विचारते.