पाण्याच्या बाजूनं बघा

ब्राझीलसारख्या अवाढव्य देशात कशाची ददात नाही आणि दक्षिण अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेनासारख्या बेटावर माणूस कोंडून मरेल, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. आमच्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी पहाटे उठून पिंप, कळश्या, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवते. त्यामुळे कुठल्याही जागेबद्दल वाचताना मी आधी पाणी शोधते.

2024च्या ऑक्टोबरात ब्राझीलमध्ये अमेझॉनच्या खोऱ्यातल्या मानाउस शहराजवळ रिओ नेग्रो नदी 1902पासूनच्या नोंदींतल्या नीचांकाला गेली. होडी हाच रस्ता असलेली गावं तुटली. एवढ्या मोठ्या देशातही गावाचं बेट होतं ते असं! उलट जेमतेम 122 चौरस किलोमीटरच्या सेंट हेलेनावर, डायनाज पीक या तिथल्या सर्वांत उंच डोंगराच्या माथ्यावरची झाडं धुकं पानांवर, शेवाळावर धरतात आणि थेंब थेंब खाली सोडतात. बेटाच्या पाण्याचा मोठा भाग त्यातूनच येतो, म्हणून तिथे ते जंगल जपायची, पुन्हा लावायची धडपड चालू आहे.

खरी अडचण दुसरीच. 2017पर्यंत तिथे नियमित विमान नव्हतं, केपटाउनहून बोटीने पाच दिवस लागायचे. तेव्हा रात्री-बेरात्री कुणी अत्यवस्थ झालं तर काय करत असतील, या विचाराने पोटात गोळा येतो.