सूत्रातून बाहेर पडताना उजव्या बाणाने किती वेळा थांबावे?

चर्चाप्रस्ताव
संगणकावर गणिती सूत्र लिहिताना त्यात कर्सर हलवण्याचा कंटाळा येत असेल तर माऊस वापरावा, असा सल्ला येथे काल एकाने दिला. तो वाचून राहवले नाही. वर्गमुळात अपूर्णांक आणि त्याच्या छेदात घातांक असेल, तर घातांकातून वर्गमुळाबाहेर येण्यासाठी उजवा बाण तीनदा दाबावा लागतो आणि दर वेळी कर्सर जेमतेम केसभर सरकतो. मनगटाच्या दुखण्यामुळे मला माऊस धरताच येत नाही. हा बाण एका दाबात बाहेर आलाच पाहिजे.

प्रतिसाद १
सपशेल असहमत. दिसायला जवळ असल्या तरी त्या तीन वेगळ्या जागा आहेत. २ चा क्ष हा घात लिहून पुढे १ मिळवताना माझा कर्सर घातांकातच राहिला आणि चुकीची प्रश्नपत्रिका छापली गेली. क्ष = ३ असेल तर १ घातांकात मिळवल्यास उत्तर १६ येते, बाहेर मिळवल्यास ९. मधल्या जागा बाणाने गाठता आल्या नाहीत, तर अशी चूक दुरुस्त कशी करायची?

प्रतिसाद २
खरा घोळ स्पेसचा आहे. लिक्स (LyX) या लेखनाच्या प्रणालीत सूत्र लिहिताना ती दाबली की कर्सर आतल्या रचनेतून एक पायरी बाहेर येतो. वर्डमध्ये मात्र तिरप्या रेघेने लिहिलेल्या मजकुराचा तीच कळ उभा अपूर्णांक करते. दोन्हींत काम करणाऱ्याने बोटांना कोणती सवय लावावी?

प्रतिसाद ३
लिक्सचेच बरोबर आहे. ते टेक (TeX) या गणिती मजकूर जुळवणाऱ्या प्रणालीवर चालते. टेकच्या सूत्रात टाइप केलेली कोरी जागा धरलीच जात नाही, चिन्हांमधले अंतर टेक स्वतः ठरवते. मग मोकळी राहिलेली कळ बाहेर पडण्यासाठी वापरली तर बिघडले कुठे?

प्रतिसाद २
मी सवयीबद्दल विचारले आणि तुम्ही मला टेकचे नियम शिकवता! संख्या आणि एकक यांच्यामध्ये मला अंतर हवे असते, तेव्हा स्पेस दाबताच कर्सर निघून जातो, हा रोजचा मनस्ताप आहे. आधी प्रश्न नीट वाचा.

प्रतिसाद ३
त्या अंतरासाठी स्पेसच्या आधी उलटी तिरपी रेघ (\) द्यावी लागते. मात्र नवख्याला हे आपोआप कळणार नाही, एवढे मान्य करतो.

प्रस्तावक
१६ आणि ९ चे उदाहरण मला खोडता येत नाही, म्हणून बाणाबद्दलची मागणी मागे घेतो. परंतु थेट बाहेर नेणारी स्वतंत्र कळ हवीच, आणि कर्सर कोणत्या रचनेत आहे हे ठळक दिसायलाही हवे.

प्रतिसाद १
स्वतंत्र कळीला माझी हरकत नाही. बाणाला मात्र हात लावू नये.