प्रेशर वॉशर वापरताना आलेले अनुभव

काल दुपारी शेजारच्या गच्चीवर प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेने धुणारे यंत्र, सुरू झाला आणि त्याची घरघर ऐकताच माझे हातातले काम थांबले. सात वर्षांपूर्वी असाच पाऊस उघडला होता, नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या घराची गच्ची शेवाळाने बुळबुळीत झाली होती, आणि बाबांनी ओळखीच्या एकाकडून यंत्र मागून आणले होते. अर्धी गच्ची लख्ख झाल्यावर नोझलमध्ये कचरा अडकून धार वाकडी येऊ लागली. बाबांनी यंत्र बंद न करता नोझलच्या तोंडावरून डाव्या हाताचे बोट फिरवले आणि त्याच क्षणी उजव्या हाताने ट्रिगर दाबला गेला.

तर्जनीच्या मुळाशी सुई टोचल्यासारखा एक पांढरट ठिपका दिसत होता. रक्ताचा थेंबही नव्हता आणि फारसे दुखतही नव्हते, म्हणून हळद लावून ते जेवायला बसले. जवळच्या दवाखान्यात धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन घरी पाठवण्यात आले. संध्याकाळी बोट इतके सुजले की शेजारच्या बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. रात्री मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करून बोटापासून तळव्यापर्यंत चीर घ्यावी लागली, कारण पाणी त्वचेतून आत शिरून, सोबत गच्चीवरची घाण घेऊन, स्नायुरज्जूंच्या आवरणातून पुढे सरकले होते. त्या यंत्रावर पाण्याचा दाब १२० बार असे लिहिलेले होते. दहा मीटर उंचीवरच्या टाकीतून खाली नळाला मिळणारा दाब जेमतेम एक बार असतो, हे मला त्यानंतर समजले.

या धाग्यावर आपणा सर्वांचे अनुभव वाचायला आवडतील. विशेषतः काय चुकले, ते अवश्य लिहावे.

निफाडकर
ताई, वाचताना अंगावर काटा आला. आमच्याकडे द्राक्षाच्या फवारणीसाठी एचटीपी (जास्त दाबाने पाणी मारणारा) पंप असतो आणि फवारणी संपली की त्याच पंपाने ट्रॅक्टर आणि ब्लोअर धुतला जातो. हात दुखतो म्हणून गडी माणसे गनचा ट्रिगर तारेने बांधून ठेवत असत. एकदा तशी बांधलेली गन हातातून निसटली आणि होज सापासारखा अंगणभर आपटू लागला, तेव्हा नशिबानेच माझा पुतण्या ओट्यावर चढलेला होता. त्या दिवसापासून आमच्या वस्तीवर ट्रिगर बांधण्यास सक्त मनाई आहे. हात दुखला तर काम थांबवावे आणि दुसऱ्याच्या हाती द्यावे. दुसरे म्हणजे रेडिएटरवर जवळून धार मारू नये. आमच्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या पात्या आडव्या झाल्या, त्यातून हवा जाईना आणि ऐन गोडी (फळधारणेसाठीच्या) छाटणीनंतरच्या फवारण्यांत इंजिन तापू लागले.

गंगापूर रोडची आजी
बाबांचे बोट आता कसे आहे? ते आधी सांगा.

भांडी बाजारातला
२०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचा पूर आमच्या दुकानात शिरला होता. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आले आहे ते पाहून आम्ही माल वर चढवतो, परंतु गाळ चुकत नाही. पाणी ओसरल्यावर गाळ ओला असतानाच काढावा, कारण तो वाळला की फरशीला सिमेंटसारखा धरतो. त्या वेळी वीज नसल्यामुळे आम्ही पेट्रोलवर चालणारा वॉशर भाड्याने आणला आणि रस्त्यावर गर्दी असल्याने तो दुकानाच्या आत, शटर अर्धे खाली ओढून चालवला. वीस मिनिटांत माझे डोके ठणकू लागले आणि धाकट्या भावाला उलटी झाली. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो आणि बंद जागेत तो जीव घेतो. यंत्र बाहेर, दारापासून दूर ठेवून फक्त होज आत घ्यायला हवा होता. वीज परत आल्यावरही भिंतीतले ओले बोर्ड वायरमनने तपासेपर्यंत आम्ही बटण दाबले नाही.

सिडकोवासी
भाड्याने कुठे मिळतो आणि दिवसाचे किती घेतात, हे कुणी सांगेल का?

अंबडचा फिटर
कारखान्यात रोज हेच काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. बहुतेक संचांतील नोझलला रंग असतात: लाल म्हणजे शून्य अंशाची सरळ धार, पिवळे पंधरा, हिरवे पंचवीस आणि पांढरे चाळीस अंशांचे, तर काळे साबणासाठी. घरकामात लाल नोझल लागतच नाही. ते डब्यातून काढून मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे. गच्चीसाठी हिरवे आणि गाडीसाठी पांढरे घ्यावे. दोन फुटांवरून सुरुवात करून हळूहळू जवळ यावे आणि एका फुटाच्या आत जाऊ नये. टायरच्या बाजूवर तर मुळीच जवळून मारू नये.

मोटार सुरू करण्यापूर्वी नळ सोडून ट्रिगर दाबावा आणि हवेचे बुडबुडे जाऊन पाणी सलग येऊ द्यावे. पंप कोरडा चालला की सील जातात, आणि आपल्याकडे बोअरच्या पाण्यातल्या रेतीमुळे आतली जाळी तुंबूनही तेच होते. काम संपल्यावर मोटार बंद करावी, प्लग काढावा, नळ बंद करावा आणि मग पुन्हा ट्रिगर दाबून होजमधला उरलेला दाब सोडावा. बाबांच्या बाबतीत यंत्र बंद करण्यापासूनचे हे सगळेच राहिले. नोझल साफ करायचे असेल तर इतके सगळे करून, ते काढून, पिनेने करावे. वीज तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमधूनच घ्यावी आणि त्यावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा. पायात गमबूट आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण उडालेली खडी उलट अंगावर येते.

वाडेकर, पंचवटी
आमच्या वाड्याचे जोते काळ्या पाषाणाचे आहे आणि सांधे चुन्याचे आहेत. काळाराम मंदिर ज्या पाषाणात उभे आहे, तशा दगडाला धारेने काही होत नाही, या समजुतीत मी दिवाळीपूर्वी सगळे जोते धुतले. दगड खरोखरच सुंदर दिसू लागला. मात्र दर्जांमधला, म्हणजे दगडांच्या सांध्यांतला, चुना भुगा होऊन वाहून गेला होता आणि पुढच्या पावसाळ्यात माजघराच्या भिंतीला ओल आली. पुन्हा चुन्यात दर्जा भरणारा गवंडी मिळवायला चार महिने लागले. जुन्या बांधकामावर नारळाच्या काथ्याचा ब्रश आणि साधे पाणी एवढेच पुरते.

निफाडकर
वाडेकर काका, त्या गवंड्याचा ठावठिकाणा मला व्यक्तिगत कळवावा. आमच्या जुन्या विहिरीच्या बांधकामाचेही तेच काम आहे.

सातपूरची पल्लवी
सोलर पॅनेल याने धुतले तर चालतात का? आमच्याकडे धूळ फार बसते.

अंबडचा फिटर
चालत नाहीत, ताई. दाबाने कडांचे सील आणि जोडण्या खराब होतात. सकाळी पॅनेल थंड असताना साधे पाणी आणि मऊ मॉप वापरावा.

धागाकर्ती
आजी, बाबांचे बोट आता पूर्ण मिटत नाही आणि पेन धरताना ते बाजूला उभे राहते, परंतु हात वाचला. शल्यचिकित्सकांनी तेव्हा सांगितले होते की अशी जखम कितीही लहान दिसली तरी त्याच तासात रुग्णालय गाठावे आणि दारातच ‘प्रेशर वॉशरच्या धारेने झालेली जखम’ हे शब्द उच्चारावेत, म्हणजे तपासणारा ती साधी टोच समजणार नाही. शेजारची गच्ची धुणारा मुलगा काल अनवाणी होता. मी वरूनच हाक मारली आणि बाबांचे गमबूट खाली नेऊन दिले.